पुराच्या पाण्यातून घाटरस्त्यावर: एका बोट-ट्रेलरच्या ब्रेकबदलाचे प्रकरण

निपाणी आणि चिक्कोडी तालुक्यांत दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा या नद्यांवरील काही पूल आणि बंधारे जोराच्या पावसात पाण्याखाली जातात. कारदगा–भोज, भोजवाडी–कुन्नूर, जत्राट–भिवशी, अक्कोळ–सिदनाळ, मलिकवाड–दत्तवाड आणि कल्लोळ–येडूर ही नावे जुलै-ऑगस्टच्या बातम्यांमुळे सीमाभागातील प्रत्येकाला पाठ झालेली आहेत. 2019 च्या महापुरात दूधगंगाकाठच्या एका गावातील वस्ती बराच काळ वेढलेली राहिली होती. त्यानंतर तेथील तरुण मंडळाने वर्गणी काढून फायबरची 16 फुटी बोट आणि 40 अश्वशक्तीचे बोटीचे इंजिन घेतले. बोट पाण्यात चांगली चालली, तिच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. अडचण आली ती बोट रस्त्याने नेणाऱ्या ट्रेलरची, आणि त्यातही त्याच्या ब्रेकची. या लेखात त्या एका ट्रेलरचे प्रकरण सविस्तर मांडले आहे, कारण बोटीची निवड करताना जेवढा विचार होतो त्याच्या दशांशही विचार तिच्याखालच्या चाकांचा होत नाही, असे मला या भागातील कामात दिसले आहे.

ट्रेलर स्थानिक पातळीवर, उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये तयार झाला होता. चौकट भक्कम होती आणि वेल्डिंगही नीट होते. एकच आस, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एका जुन्या जीपचे ब्रेक ड्रम बसवलेले होते. ब्रेक लावण्यासाठी जोडणीच्या दांड्यात सरकती नळी होती. ओढणारी गाडी वेग कमी करते तेव्हा मागचा ट्रेलर आपल्या वजनाने पुढे रेटतो, सरकती नळी मागे दबते, तिला जोडलेला लिव्हर फिरतो आणि पोलादी केबल ताणली जाऊन ड्रममधील शू, म्हणजे ड्रमला आतून घासून तो रोखणाऱ्या कमानी, पसरतात. या रचनेला ओव्हररन ब्रेक म्हणतात. यात गाडीच्या ब्रेकला किंवा वायरिंगला हात लावावा लागत नाही आणि ट्रेलर स्वतःच्या रेट्याने स्वतःला थांबवतो. त्यामुळे बोटींच्या ट्रेलरना ही पद्धत जगभर वापरली जाते. युरोपात 750 किलोवरील ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे आणि ओव्हररन ब्रेक 3,500 किलोपर्यंत चालतो. म्हणजे बांधणाऱ्याची कल्पना मुळात चुकीची नव्हती. ती कोरड्या रस्त्यासाठी बरोबर होती.

घाटात काय झाले

एका पावसाळ्यात घटप्रभेला पूर आला तेव्हा मंडळाची बोट गोकाक तालुक्यात बोलावण्यात आली. काम संपल्यावर बोट पाण्याबाहेर काढून लगेच परतीचा प्रवास सुरू झाला. चिक्कोडीकडचा जवळचा रस्ता पाण्यामुळे बंद असल्याने पिकअप हुक्केरी, संकेश्वर या मार्गाने महामार्गाला लागली. संकेश्वरकडून निपाणीकडे येताना स्तवनिधीजवळ तवंदी घाटाचा उतार लागतो. या उतारावरील अवजड वाहनांचे अपघात या भागाला नवीन नाहीत. उतार सुरू झाल्यावर चालकाने गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली आणि वळणाआधी ब्रेक दाबला. प्रथम काहीच जाणवले नाही. मग मागून एक जोराचा धक्का बसला आणि ट्रेलर डावीकडे ओढू लागला. चालक अनुभवी होता, त्याने स्टिअरिंगला हिसका दिला नाही आणि ब्रेकही आणखी दाबला नाही. वेग हळूहळू उतरवत त्याने गाडी कडेला घेतली. कोणाला इजा झाली नाही. उतरून पाहिले तेव्हा डाव्या चाकाच्या ड्रमला हात लावता येत नव्हता आणि उजवा ड्रम पावसाने जसा थंड होता तसाच होता.

एवढ्या दोन स्पर्शांतून पुष्कळ कळते. ड्रम तापला याचा अर्थ त्याने काम केले. ड्रम थंड राहिला याचा अर्थ त्या बाजूला ब्रेकच नव्हता. सगळा अवरोध एका चाकावर आल्यामुळे ट्रेलर त्या बाजूला वळला.

मंडळाने सल्ल्यासाठी मला बोलावले तेव्हा मी प्रथम ब्रेक न उघडता ट्रेलर वजनकाट्यावर नेण्यास सांगितले. बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून आठशे किलोच्या आत वजन असेल असे सगळेजण धरून चालले होते. काट्यावर ते 1,150 किलो भरले. पेट्रोलच्या टाक्या, नांगर, ओले दोर, लाइफ जॅकेट, हत्यारांची पेटी आणि बोटीच्या तळाशी साचलेले पावसाचे पाणी, ही सगळी भर कोणी हिशेबात धरली नव्हती. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते बोटीत मागेपुढे हिंदकळते. रस्त्यावर निघण्यापूर्वी बोटीचे बूच काढून तळ रिकामा करणे ही ब्रेक सुधारण्याची सर्वांत स्वस्त पायरी आहे, आणि ती त्या दिवसापासूनच सुरू झाली.

वजन कळल्यावर पुढचा हिशेब सोपा आहे. माणसांसह पिकअपचे वजन 1,800 किलो धरू. ती एकटी असताना ताशी 60 किलोमीटर वेगावरून चांगल्या ब्रेकने सुमारे 23 मीटरमध्ये थांबते. यात चालकाला प्रसंग उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर धरलेले नाही. त्याच पिकअपच्या मागे ब्रेक नसलेला 1,150 किलोचा ट्रेलर जोडला आणि गाडीच्या ब्रेकची ताकद तेवढीच राहिली, तर हे अंतर सुमारे 38 मीटर होते. हे पंधरा मीटर सपाट, कोरड्या रस्त्यावरचे आहेत. ओल्या उतारावर ते वाढतात, आणि ट्रेलर वळणावर गाडीची मागची बाजू ढकलू लागला तर प्रश्न केवळ अंतराचा राहत नाही.

घाटाचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण ओव्हररन ब्रेकचा तेथील स्वभाव फारसा कोणी सांगत नाही. शंभर मीटरला सहा मीटर असा उतार धरला, तर 1,150 किलोचा ट्रेलर सुमारे 69 किलोच्या जोराने पुढे रेटत असतो. चालक पाय ब्रेकवर न ठेवता केवळ इंजिनच्या जोरावर गाडी आवरून धरतो, तेव्हाही हा रेटा जोडणीवर असतोच. म्हणजे गाडीचे ब्रेक विश्रांती घेत असतानाही ट्रेलरचे ब्रेक संपूर्ण उतारभर थोडे थोडे लागलेले राहतात. प्रत्येक शंभर मीटर उंची उतरताना या ट्रेलरची जी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते, तिच्यात सव्वातीन लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. हवा आणि टायर त्यातला काही वाटा घेतात, उरलेला दोन चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. एकच चाक काम करत असेल तर सगळा त्याच्या वाट्याला येतो. म्हणून तवंदीत तो डावा ड्रम एवढा तापला होता.

ड्रम उघडल्यावर

दोन्ही ड्रम काढले तेव्हा कारणे समोर आली. उजव्या बाजूला नदीचा बारीक गाळ शू आणि ड्रम यांच्या मध्ये बसून त्याचा रेंदा झाला होता, केबलचे टोक म्यानात गंजून अडकले होते आणि लायनर (शूवरचा घासणारा थर) झिजेल तसे शू ड्रमजवळ आणणारा समायोजक फिरतच नव्हता. डाव्या बाजूला शू मागे खेचणारी स्प्रिंग गंजून तुटलेली होती, त्यामुळे शू ड्रमला सतत घासत राहून लायनर काचेसारखा गुळगुळीत झाला होता. जोडणीच्या सरकत्या नळीतील ग्रीस धुऊन गेले होते. ती आधी अडकून राहिली आणि मग एकदम सुटली. चालकाला जो उशीर आणि जो धक्का जाणवला त्याचे कारण हे होते. धक्का शोषणारा डँपरही गळलेला होता.

ड्रमची रचना बंद डब्यासारखी असते. रस्त्यावरची धूळ आत जाऊ नये म्हणून ती चांगली, पण ट्रेलर आसापर्यंत पाण्यात उतरतो तेव्हा पाणी आत शिरतेच. बाहेर आल्यावर पाणी निथळते आणि गाळ मागे राहतो. कृष्णाकाठची काळी माती वाळली की दगडासारखी घट्ट होते. ड्रम धुण्यासाठी तो उघडावा लागतो, आणि पुराच्या धावपळीत तो कोण उघडणार? समुद्रावरच्या बोटींच्या ट्रेलरचे मोठे दुखणे मीठ आणि गंज हे असते. आपल्याकडे पाणी गोडे आहे, म्हणून गंज सावकाश चढतो, पण गाळाचा त्रास समुद्रापेक्षा अधिक आहे. परदेशी माहितीपत्रके वाचून निवड करताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

पर्यायांचा विचार

मंडळासमोर पहिला पर्याय तेच ड्रम दुरुस्त करण्याचा होता. नवे लायनर, नव्या स्प्रिंगा, नवी केबल एवढा खर्च केला तर ट्रेलर एक पावसाळा निभावला असता. ड्रमला एक गुणही आहे. फिरत्या ड्रमबरोबर पुढचा शू आपोआप आत ओढला जातो आणि कमी जोरात जास्त पकड मिळते, त्यामुळे केबलसारख्या साध्या साधनानेही तो चालतो. परंतु ज्या कारणाने तो निकामी झाला ते कारण दरवर्षी येणारच होते, म्हणून हा पर्याय सोडला.

दुसरा पर्याय विजेवर चालणाऱ्या ड्रम ब्रेकचा. यात ड्रममधील विद्युतचुंबक शूला पसरवतो आणि चालकाजवळच्या कंट्रोलरवरून ब्रेक किती लावायचा हे ठरवता येते. घाटात हे फार उपयोगी आहे, कारण ट्रेलर डोलू लागला तर गाडीचा ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचा ब्रेक लावून त्याला सरळ करता येते. पण चुंबक, त्याच्या तारा आणि जोड सतत गढूळ पाण्यात बुडणार होते, आणि गाळाच्या दृष्टीने तो पुन्हा ड्रमच होता.

तिसरा पर्याय तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सरस होता. ट्रेलरवर पाण्याच्या पातळीच्या वर एक विजेचा पंप बसवायचा आणि त्याने ब्रेक ऑईलचा दाब निर्माण करून चाकांवरील डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या उघड्या तबकडीला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेक, चालवायचे. असे पंप ड्रमसाठी साधारण 1,000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड, दाबाचे माप) आणि डिस्कसाठी 1,600 पीएसआय दाबाचे मिळतात. वीज पाण्याबाहेर राहते, नियंत्रण चालकाच्या हातात राहते, उलट जाताना ब्रेक लागत नाही. याच्या बाजूने माझे मत जवळजवळ झाले होते.

मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्याने एक साधा प्रश्न विचारला आणि निर्णय फिरला. पुराच्या वेळी ट्रेलर ओढायला कोणाची गाडी येणार, हे आधी ठरलेले असते का? ते कधीच ठरलेले नसते. एकदा मंडळाच्या सदस्याची पिकअप असते, एकदा शेजारच्या गावातील जीप, रस्ता चिखलाने भरला असेल तर ट्रॅक्टर. पंपाला चालकाजवळ कंट्रोलर लागतो आणि तो गाडीच्या ब्रेकच्या वायरीला जोडावा लागतो. रात्री दोन वाजता धावून आलेल्या अनोळखी गाडीत तो बसवता येणार नाही, आणि न बसवता ट्रेलर निघाला तर त्याला ब्रेकच नसेल. कोणत्याही गाडीच्या मागे जोडला तरी ज्याचे ब्रेक ट्रेलरमध्येच पूर्ण आहेत, अशीच रचना या मंडळाला उपयोगाची होती. म्हणून ओव्हररनची पद्धत कायम ठेवली, आणि तिच्यातील केबल व ड्रम काढून हायड्रॉलिक जोडणी आणि डिस्क ब्रेक बसवण्याचे ठरले. सरकती नळी दबली की ती आता केबल न ओढता मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलते, आणि तो दाब नळ्यांतून दोन्ही चाकांच्या कॅलिपरपर्यंत, म्हणजे घासणाऱ्या पॅडनी डिस्क चिमटीत धरणाऱ्या भागापर्यंत, सारखाच पोहोचतो. डावी-उजवीकडील केबलच्या लांबीत जो फरक पडतो तो येथे मुळात उद्भवत नाही.

डिस्क उघडी असते. पाण्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही फेऱ्यांतच ती पाणी झटकून टाकते, पॅड तिला पुसून काढतात, आणि बोरवेलच्या पाण्याचा पाइप घेऊन पाच मिनिटांत ती धुता येते. घाटात तापली तरी वाऱ्याने लवकर निवते. तिची उणीव अशी की तिला ड्रमसारखी आपोआप वाढणारी पकड नसते, त्यामुळे दाब जास्त लागतो. म्हणून ड्रमसाठी केलेली हायड्रॉलिक जोडणी स्वस्तात मिळते आहे या कारणाने डिस्कला लावू नये. शिवाय ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब कायम अडवून धरणारी झडप अनेकदा असते. तीच झडप डिस्कच्या रचनेत राहिली तर पॅड डिस्कला सतत चिकटून घासत राहतात. एका विक्रेत्याने जुना ड्रमचा सिलिंडर वापरण्याचा आग्रह धरला होता. झडप काढून तो चालवता आला असता, पण दाबाचा हिशेब जुळत नव्हता, म्हणून डिस्कसाठीचीच जोडणी घेतली.

डिस्कच्या धातूवर बरीच चर्चा झाली. स्टेनलेस स्टीलच्या डिस्कला गंज चढत नाही, म्हणून कोकणात किंवा गोव्याच्या खाडीत रोज उतरणाऱ्या ट्रेलरला ती योग्य आहे. परंतु स्टेनलेस स्टील उष्णता सावकाश वाहून नेते. बिडाचे लोखंड ती पुष्कळ लवकर पसरवते. आपल्या ट्रेलरला खारे पाणी क्वचित आणि घाट नेहमीचा, त्यामुळे गंजरोधक लेप दिलेली बिडाची डिस्क निवडली. पॅड घासतात त्या पृष्ठभागावरचा लेप लवकरच निघून जातो आणि तेथे तांबूस गंज दिसतो, पण तो पहिल्या ब्रेकला पुसला जातो. मधल्या भागाला आणि कडांना लेपाचे संरक्षण राहते. कॅलिपरमधील दट्ट्ये मात्र स्टेनलेसचेच घेतले, कारण तेथे गंजाचा एक खवलाही सील कापतो.

जोडकाम

काम बेळगावच्या उद्यमबागमधील एका छोट्या कारखान्यात झाले. ओतकाम, लेथकाम आणि हायड्रॉलिक या तिन्ही गोष्टी एकाच परिसरात मिळणे ही बेळगावची मोठी सोय आहे, आणि आपल्या भागातील लोकांनी अशा कामासाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याची गरज नाही, असे मला मनापासून वाटते. जीपचा जुना आस ठेवून त्यावर नवे हब, म्हणजे चाक ज्यावर बसते ते मधले भाग, बसवले. डिस्क हबच्या बोल्टांवर बाहेरून सरकवायची, अशी जात घेतली. तिचा फायदा असा की डिस्क बदलताना बेअरिंग उघडावे लागत नाही. हब आणि डिस्क एकसंध असली तर प्रत्येक वेळी ग्रीस, सील, बेअरिंग हे सगळेच काढावे लागते आणि चिखलात बसून ते काम नीट होत नाही.

ब्रेकच्या नळ्या साध्या पोलादाच्या न घेता तांबे-निकेलच्या घेतल्या. त्या बाहेरून गंजत नाहीत आणि हाताने वाकवता येतात. त्या चौकटीच्या आतल्या बाजूने नेल्या, म्हणजे पुरात तरंगत येणारी लाकडे आणि शेताच्या बांधावरचे दगड त्यांना लागणार नाहीत. ब्रेक ऑईल डॉट 3 प्रतीचे, जोडणीच्या निर्मात्याने सांगितलेले. हे तेल हवेतील ओल शोषते. नवे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर तो 140 पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात कॅलिपर तापल्यावर हा फरक कळतो, कारण उकळलेल्या तेलात वाफ होते, वाफ दबते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून दरवर्षी तेल बदलण्याचे ठरले. सिलिकॉनचे डॉट 5 तेल ओल शोषत नाही, पण ते डॉट 3 मध्ये मिसळू नये, आणि खेड्यातील दुकानात भर घालायला जे मिळेल तेच पडणार हे ओळखून ते टाळले.

पहिल्या चाचणीत सरकती नळी शेवटपर्यंत दबत होती आणि तरी ब्रेक मऊ लागत होता. दोन वेळा हवा काढूनही फरक पडला नाही. कारण शोधताना दिसले की डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसले होते, त्यामुळे हवा काढण्याचे निपल वर राहण्याऐवजी खाली आले होते. हवा वर चढते, निपल खाली असेल तर कितीही तेल सोडले तरी बुडबुडा आतच राहतो. कॅलिपर जागच्या जागी बदलले, मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली, आणि ब्रेक घट्ट झाला.

उलट जाताना

बोटीच्या ट्रेलरला जन्मभर उलटच जावे लागते. ओव्हररन ब्रेकची सर्वांत मोठी अडचण तेथेच आहे. गाडी मागे घेताना जोडणी दबते, ट्रेलरला वाटते की गाडी थांबते आहे, आणि ब्रेक लागतात. उतारावरून पाण्यात ट्रेलर सोडताना हे सहसा होत नाही, कारण ट्रेलर स्वतःच खाली ओढत असतो. पण चाके चिखलात रुतली किंवा चढावर मागे घ्यायचे झाले की ट्रेलर जागचा हलत नाही. काही ड्रममध्ये उलट फिरताना शू सुटण्याची सोय असते. डिस्कमध्ये तशी सोय नसते. त्यासाठी विजेची एक झडप बसवतात, जी गाडीचा मागचा पांढरा दिवा लागला की तेलाचा मार्ग बंद करते. आम्ही ती बसवली, पण तिला पाच तारांचा जोड लागतो आणि कोणती गाडी येईल हे ठाऊक नसल्याने ती नेहमी चालेल असे धरता येत नव्हते. म्हणून सरकत्या नळीत एक पोलादी खिळा घालण्याचे भोकही पाडून घेतले. खिळा घातला की नळी दबत नाही आणि ब्रेक लागत नाही.

येथे धोका उघड आहे. खिळा काढायचा राहिला तर ट्रेलर विनाब्रेकचा होऊन रस्त्याला लागतो, आणि चालकाला ते पहिल्या उतारापर्यंत कळत नाही. खिळ्याला लाल पट्टी बांधणे पुरेसे नाही, कारण पावसात आणि अंधारात ती दिसत नाही. मंडळाने ठरवलेला नियम मला पटला. खिळा एरवी ट्रेलरवर ठेवायचाच नाही. तो बोट सोडणाऱ्या प्रमुखाकडे राहतो. गाडी मागे घेताना तो स्वतः खिळा घालतो, काम झाल्यावर स्वतः काढतो आणि नेऊन चालकाच्या हातात देतो. खिळा हातात आल्याशिवाय चालकाने गाडी रस्त्यावर घ्यायची नाही. हा नियम ट्रेलरच्या दांड्यावर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत रंगवलेला आहे, कारण येणारा चालक दोन्हींपैकी कोणत्याही भाषेचा असू शकतो.

जोडणी तुटलीच तर ब्रेक ओढून धरणारी पोलादी दोरी आणि दांड्याखालून एकमेकींवर फुली करून जाणाऱ्या दोन साखळ्याही लावल्या. दोरी गाडीच्या चौकटीला बांधायची, हुकाच्या गोळ्याभोवती (ज्यावर ट्रेलरची जोडणी बसते) गुंडाळायची नाही, कारण गोळाच निघाला तर दोरीही त्याच्याबरोबर जाईल. गोळ्याचे मापही तपासले. 50 मिलिमीटर आणि दोन इंच, म्हणजे 50.8 मिलिमीटर, ही मापे डोळ्यांना सारखी दिसतात, पण दोन इंची जोडणी 50 च्या गोळ्यावर सैल बसते आणि प्रत्येक ब्रेकला ठोकर देते.

बेअरिंगकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. दूर धावून आलेल्या ट्रेलरचे हब गरम असते. ते थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून पाण्यात सोडण्यापूर्वी थोडा वेळ थांबावे. पण माणसे छपरावर बसलेली असताना थांबा असे कोण सांगणार? त्यासाठी दुहेरी ओठांचे सील, पाण्याने न धुतले जाणारे ग्रीस आणि ग्रीस आतून किंचित दाबात ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या टोप्या बसवल्या.

चाचणीसाठी बोट भरून, पूर्ण वजनासह, प्रथम सपाट रस्त्यावर आणि मग काकतीच्या पुढे वंटमुरी घाटात नेली. उतार संपल्यावर दोन्ही डिस्कचे तापमान दुरून मोजणाऱ्या तापमापकाने पाहिले तेव्हा फरक दहा अंशांच्या आत होता. त्यानंतर हिडकल धरणाच्या जलाशयात ट्रेलर आसापर्यंत उतरवून, बाहेर काढून, लगेच पुन्हा चालवून पाहिला. पाण्याबाहेर आल्यावर सपाट जागी गाडीचा ब्रेक तीन-चार वेळा हलकेच दाबून ट्रेलरला रेटा देऊन घ्यायचा, म्हणजे पॅड कोरडे होतात, ही सवय चालकांना तेव्हाच लावली.

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे आणि त्याची स्वतंत्र नोंदणी असते. बदल केल्यावर चिक्कोडीच्या आरटीओ कार्यालयात ट्रेलर दाखवून कागद नीट करून घेण्यात आले.

पुढचा पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, ट्रेलर पुन्हा उघडला. डिस्क चांगल्या होत्या, हबमधील ग्रीस पांढरे पडले नव्हते, म्हणजे पाणी शिरलेले नव्हते. उजव्या चाकाचा आतला पॅड मात्र बाहेरच्यापेक्षा बराच झिजला होता. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांच्या रबरी बुटांपैकी एक फाटला होता आणि आत गाळ शिरून पिन जड झाली होती. पिन साफ करून, नवे रबर घालून, दोन्ही पॅड बदलले. आता हे काम वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि दसऱ्याला, करायचे ठरले आहे, आणि पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर दोन्ही कॅलिपर मागच्या बाजूनेही धुण्याची जबाबदारी एका सदस्याकडे दिली आहे.

ट्रॅक्टरचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. ट्रॅक्टरचा खिळ्याचा हुक नव्या जोडणीला चालत नाही, म्हणून त्याच्या ड्रॉबारवर गोळा बसवलेली पट्टी करून घेतली. पण ट्रॅक्टर आणि पिकअप यांच्या हुकांच्या उंचीत फरक आहे. ट्रेलरचे नाक खाली किंवा वर राहिले की सरकती नळी तिरपी होऊन अडकते, आणि वजनही एका बाजूला जाते. उंची बदलता येईल अशी पट्टी उद्यमबागमध्ये तयार होत आहे. ती येईपर्यंत ट्रॅक्टरने बोट फक्त गावाच्या शिवारात, चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणायची आणि तेथून पुढे पिकअपला जोडायची, असे मंडळाने ठरवले आहे.